टोळांनी खाल्लेली वर्षं देव परत देतो म्हणजे नक्की काय देतो?

सुरंगी

योएल संदेष्ट्याचं पुस्तक जेमतेम तीन अध्यायांचं. देशावर टोळधाड आलीय, अंजिराच्या झाडांची साल सोलून फांद्या पांढऱ्या पडल्यात, मंदिरात वाहायला धान्य उरलेलं नाही. आणि दुसऱ्या अध्यायाच्या २५व्या वचनात देव म्हणतो, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी भरपाई करून देईन. आमच्याकडे साक्षीच्या सभेत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायच्या सभेत, हे वचन निघालं नाही असं सहसा होत नाही. दारू सुटली, योएल. कर्ज फिटलं, योएल. मुलगा घरी आला, योएल.

वचनाबद्दल माझी तक्रार नाही. ते ज्या सहजपणे फेकलं जातं, त्याबद्दल आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे मराठी प्रोटेस्टंट, वडिलांच्या नोकरीमुळे वास्कोत आलो ते इथलेच झालो. भाऊ बोटीवर होता, इथल्या भाषेत तारवटी. वहिनी चांदरची कॅथलिक, घरात कोंकणी. भावाचं पिणं बोटीवर नाही, दोन कंत्राटांमधल्या सुट्टीत वाढलं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग दात घासायच्या आधी. पुढे कंत्राटं मिळेनाशी झाली. वहिनीच्या लग्नातल्या बांगड्या गहाण पडल्या त्या सुटल्याच नाहीत. फेस्तांच्या दिवसांत ती रात्र रात्र मशीनवर बसून लोकांच्या पोरींचे फ्रॉक शिवायची, स्वतःच्या पोरीची फी त्यातून जायची.

आता तो पीत नाही. यात शंका घ्यायला जागा नाही, मी जवळून बघतेय. अलीकडेच सभेत साक्ष द्यायला उभा राहिला. चांगलं बोलला, रडला, आणि शेवटी म्हणाला, "प्रभूने माझी सगळी वर्षं परत दिली." लोकांनी आमेन म्हटलं. वहिनी मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा अंगठ्याने दाबत बसली होती, तिने मान वर केली नाही. बाहेर पडल्यावर चपला घालताना मला म्हणाली, "ताचीं वर्सां ताका मेळ्ळीं. म्हजीं खंय आसात?" (त्याची वर्षं त्याला मिळाली. माझी कुठे आहेत?)

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून धागा. देव मोडलेली आयुष्यं उभी करतो असं आपण मानतो, मीही मानते. पण एकाचं आयुष्य मोडताना आजूबाजूच्या चौघांचं मोडलेलं असतं. त्यांचं काय? श्रद्धा असलेल्या-नसलेल्या सगळ्यांनी लिहा, फक्त धर्मांतराच्या भांडणावर धागा नेऊ नका, त्यासाठी दुसरे पुष्कळ आहेत.

---

रापणकार

पेडण्याचा कॅथलिक, मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे इथे पडीक असतो.

आमच्याकडे यासाठी कुमसार आहे. पाद्रीसमोर गुडघे टेकून पाप सांगायचं, तो क्षमा देतो. बाहेरच्या लोकांना वाटतं की झालं, पाटी कोरी, चला परत तावेर्नात, म्हणजे गुत्त्यावर. पण कॅथलिक शिकवण तशी नाहीच. क्षमेने पाप जातं, पापाने केलेली नासधूस जात नाही. ती निस्तरणं माणसाकडे राहतं. चोरलेलं परत करायचं, कोणाचं नाव खराब केलं असेल तर ते चारचौघांत सुधारायचं. पाद्री प्रायश्चित्त देतो ते याच कारणासाठी. आता आमचे बरेच पाद्री तीन 'नमान मारिये' (मारियेची प्रार्थना) सांगून मोकळे होतात ही गोष्ट वेगळी.

जक्कय आठवा. यरीहोचा जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा तो साक्ष द्यायला उभा राहिला नाही, हिशोब द्यायला उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. "आज या घराला तारण मिळालं" हे येशूचं वाक्य त्या हिशोबानंतर येतं. क्रम बघा.

तुमच्या वहिनीचा प्रश्न मला तरी जक्कयाच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न वाटतो. तो बरोबरच आहे.

---

प्रभूचा_सेवक

प्रभूची स्तुती असो. ताई, भावाच्या साक्षीवर अशी जाहीर चर्चा करू नये असं नम्रपणे सुचवतो. सैतान अशाच मार्गाने आनंद हिरावून घेतो. देव जेव्हा देतो तेव्हा दुप्पट देतो. बायबलातल्या ईयोबाला बघा, गेलं त्याच्या दुप्पट मिळालं. वहिनींनी विश्वास ठेवावा, त्यांचंही दुप्पट येईल. मी प्रार्थना करतो.

---

सुरंगी

@प्रभूचा_सेवक, प्रार्थनेसाठी आभार, मनापासून. पण ईयोब नीट वाचा. मेंढरं सात हजारांची चौदा हजार, उंट तीन हजारांचे सहा हजार, बैलजोड्या, गाढवं सगळं दुप्पट. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे, तीन मुली. दुप्पट नाहीत. पहिली दहा मेली ती मेलीच. कोणी म्हणतात स्वर्गातली दहा धरून वीस. असेल. पण ईयोबाच्या बायकोला विचारलं असतं तर तिने तो हिशोब मान्य केला असता असं मला वाटत नाही. तिला शेवटच्या अध्यायात कोणी काही विचारतच नाही.

---

काणकोणी

नास्तिक आहे, आधीच सांगतो.

दोन गोष्टी. एक, भावाची दारू सुटली ती देवामुळे की रोज कोणीतरी जाब विचारणारी माणसं भोवती जमली म्हणून? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये (एए) हिंदू, मुसलमान, माझ्यासारखे सगळे सुटतात. तिथे 'ज्याला जसा समजला तसा देव' एवढंच म्हणतात. मग श्रेय येशूच्याच खात्यावर का?

दुसरी जरा टोचेल. गोव्यात बसून 'ख्रिस्ती देव मोडलेलं जोडतो' हे ऐकायला आमच्यासारख्यांना वेळ लागतो. १५६० ते १८१२ इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर. माझ्या आजीला कुलदैवत मूळ कुठे होतं ते पाठ होतं. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देव रातोरात पालखीतून नदीपार नेले म्हणून सांगायची. त्या मोडतोडीची भरपाई कोणत्या वचनात आहे?

---

रापणकार

@काणकोणी, दुसरा मुद्दा टोचला तरी धाग्याला धरून आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या पापांची जाहीर क्षमा मागितली, त्यात सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्तीही होती. क्षमा मागितली ते चांगलंच. पण मी वर जे म्हटलं ते चर्चलाही लागू. मागून झालं की निस्तरणं उरतं. आमच्या वाड्यावर सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, घरोघर फिरते तेव्हा शेजारची हिंदू घरं दारात दिवा लावतात, म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू तेल घेऊन येतात, तिला लईराई देवीची बहीण मानतात. हे सामान्य माणसांनी निस्तरलं, कुठल्याही फर्मानाशिवाय. श्रेय चर्चला देत नाही.

पहिल्या मुद्द्याबद्दल: एए १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं तेव्हा त्याची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत होती. कबुली, भरपाई, दुसऱ्याला हात देणं, हे तिथूनच आलं. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केलं, तेही एएच्या वाटेनेच, वर अय्यंगार योगाची जोड देऊन. पाद्री माणूस व्यसनी लोकांकडून आसनं करून घेतो, यात कोणत्या देवाचं श्रेय किती टक्के ते तुम्हीच ठरवा.

---

बांबोळीची_वाट

नर्स आहे. धर्माचं तुम्ही बघा, मी माझ्या कामाचं लिहिते, कारण असे धागे वाचून लोक घरी प्रयोग करतात.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने 'आजपासून बंद, देव बघून घेईल' असं करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, घाम, झोप उडणं, फिट्स येणं, नसलेली माणसं दिसणं, भिंतीवर किडे दिसणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. घरचे म्हणतात भूत लागलं. कोणी पाद्रीला बोलावतात, कोणी भटजीला. दोघांनाही बोलवा, पण आधी डॉक्टर. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, आयपीएचबी, गोव्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बघेल म्हणून जात नाहीत. गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस सुखरूप काढता येतात.

आणि पुन्हा घसरणं हे या आजारात होतं. घसरला म्हणजे देवाने सोडला किंवा विश्वास खोटा होता असं घरच्यांनी लगेच ठरवू नये. अर्थात घरच्यांनी ते किती वेळा सोसावं हे मी कोण सांगणार. त्यांच्यासाठी अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. वहिनींना तिकडे न्या. तिथे नवरा हा विषयच नसतो, आपण असतो.

---

अबोली

बरीच वर्षं फक्त वाचनमात्र आहे. आज लिहिते.

मी ती वहिनी आहे. म्हणजे तुमची नाही, पण तीच. सासष्टीतलं घर, नवरा आधी आखाती देशात, मग परत आला तो बाटली घेऊनच. दोनदा 'नवा जन्म' झाला त्याचा. दोन्ही वेळा मी साडी नेसून पुढच्या बाकावर बसले, लोकांनी मला मिठ्या मारल्या, धन्य आहेस म्हणाले. दोन्ही वेळा सहा महिन्यांच्या आत कपाटातल्या चादरींच्या घडीत क्वार्टर सापडली.

एकाने मला सांगितलं (कोण ते लिहीत नाही, चांगला माणूस आहे) की सत्तर वेळा सात क्षमा करायला येशूनेच सांगितलंय. मी केली. आजही मनात राग नाही, उलट जेवण पाठवते कधीकधी. पण घरात घेतलं नाही. क्षमा करणं आणि किल्ली देणं या दोन गोष्टी आहेत हे मला कोणी प्रवचनात सांगितलं नाही, मलाच शोधावं लागलं.

आणि माझं घर वाचलं ते कुठल्या चमत्काराने नाही. गोव्याच्या कायद्याने. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी अर्धी. माझ्या सहीशिवाय त्याला घर विकता येत नव्हतं. गिऱ्हाईक घेऊन आला होता, चहासुद्धा दिला मी त्यांना. सही दिली नाही. त्या दिवशी मात्र मी 'देव बरें करूं' (कोंकणीत आभार) म्हटलं, आणि मला वाटतं त्यालाही ते आवडलं असावं.

माझी वर्षं परत आली का? नाही. कोणी आणून देणारही नाही. पुढची माझ्या ताब्यात आहेत एवढं खरं.

---

मिरामार

@अबोली, दंडवत.

मराठीत या प्रश्नावर आधीच लिहिलं गेलंय आणि आपण ते धर्माच्या नाही तर साहित्याच्या कपाटात ठेवतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रात तो नव्या आयुष्याचा क्षण. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तोच आभाळ कोसळल्याचा क्षण, पदरी लहान मुलगा, नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेली वर्षं. पुढे त्या परत आल्या, स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या, टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं केलं. पण मधली वर्षं त्यांनी गाळली नाहीत की सारवली नाहीत. नवऱ्याचं प्रेमही आहे आणि त्याचा आततायीपणाही, एकाच पानावर, हसत हसत. मराठी मंडळ्यांमध्ये टिळकांची भजनं गातात. सोबत लक्ष्मीबाईंचं एखादं प्रकरण वाचायची पद्धत पाडली पाहिजे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, लग्नानंतर दोनेक वर्षांत नवरा गेला, पदरात मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. १८८९ साली मुंबईत शारदा सदन, पुढे केडगावला मुक्ती सदन, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य भारतातून शेकडो मुली आणल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन. प्रार्थना भरपूर होती तिथे, पण त्याबरोबर छापखाना होता, माग होते, गायी होत्या, शेती होती. मुलींना विणायला, खिळे जुळवायला शिकवलं. रमाबाईंचं मराठी बायबल तिथल्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. आणि त्यांचं स्वतःचं? मनोरमा १९२१ साली गेली, एकुलती एक, हाताखाली तयार झालेली. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये. 'दुप्पट मिळालं' हे सूत्र त्यांना कुठे बसवायचं ते सेवक यांनी सांगावं.

(अवांतर: ख्रिस्ती मराठी म्हटलं की लोकांना टिळक आठवतात, पण फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली आपल्या रायतूरला छापलं गेलं, मराठी ओवीत. रायतूरचं सेमिनार अजून आहे, एकदा जाऊन या. अवांतर समाप्त.)

---

प्रभूचा_सेवक

मी शांतपणे वाचतोय. रमाबाईंबद्दल उत्तर नाही माझ्याकडे. अबोलीताई, तुम्हाला दुखावलं असेल तर क्षमस्व. पण एक म्हणतो, साक्ष देणाऱ्याला त्या क्षणी खरंच तसं वाटत असतं. ती खोटी नसते.

---

अबोली

खोटी नसतेच. अर्धी असते.

---

उर्राक_नको

आयडीवरून कळलं असेल. डिचोलीचा, हिंदू घरातला, चौदा-पंधरा वर्षांचा असल्यापासून काजूच्या मोसमात उर्राकने (काजूची हलकी दारू) सुरुवात. सध्या ठीक. येशूला मानतो, गणपतीही आणतो, दोघांनी अजून तक्रार केलेली नाही.

मोबाईलवरून टंकतोय, चुका असतील.

सुटलेल्या माणसाच्या बाजूने लिहितो कारण इथे तो एकटा पडलाय. सुरुवातीला एवढा हलका वाटतो ना माणूस, की जगालाही हलकं वाटलं असं समजतो. बायको हसत का नाही, पोर जवळ का येत नाही, यावर राग येतो. मी दारू सोडली, अजून काय पाहिजे? हे मी बोललोय मोठ्याने. तिने भांडी घासता घासता सांगितलं, तू सोडलीस, मी काय सोडू ते सांग.

एएमध्ये आठवी पायरी, ज्यांना इजा केली त्यांची यादी. नववी, शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई, त्यातून त्यांनाच आणखी त्रास होणार असेल तर सोडून. मला आठवीला घाम फुटला. नाव आठवतं, रक्कम आठवत नाही. गाडेवाला, मेव्हणा, पंचायतीतला शिपाई. एका दुकानदाराकडे पैसे घेऊन गेलो तर त्याने वही काढली, माझं नाव लाल पेनाने खोडलेलं, बुडीत. त्याने पैसे घेतले, मोजले, आणि आतून ओरडून पोराला म्हणाला खुर्ची दे. त्या दुकानात मला कित्येक वर्षांत कोणी बस म्हटलं नव्हतं. मला परत काय मिळालं विचाराल तर हे. खुर्ची.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो कबरींत राहणारा माणूस आहे, साखळदंड तोडणारा, दगडांनी अंग फोडून घेणारा. बरा झाल्यावर म्हणतो, येशू, मला तुझ्याबरोबर होडीतून ने. कोणीही म्हणेल. नवं गाव, नवी माणसं, जुनं कोणाला माहीत नाही. येशू नाही म्हणतो. घरी जा, तुझ्या माणसांत. मला हे आधी क्रूर वाटायचं. ज्यांनी त्याला बांधलं, ज्यांना त्याने रात्र रात्र झोपू दिलं नाही, त्याच्यातली भुतं शिरून ज्यांची दोन हजार डुकरं बुडाली, त्यांच्यातच परत. पण दुसरीकडे बरं होऊन उपयोग नव्हता.

तुमच्या भावाला सांगा, सभेतली साक्ष झाली. आता घरची द्यायची राहिली. ती हळू आवाजात असते आणि टाळ्या नसतात.

---

काणकोणी

नास्तिक असून टाळी वाजवतो. देव बाजूला ठेवला तरी हे उभं राहतं, आणि म्हणूनच मला पटतं.

---

सुरंगी

@काणकोणी, बाजूला ठेवला तर माझ्यासाठी उभं राहत नाही, त्याचं कारण लिहिते आणि थांबते.

येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीजवळ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात उठलेला येशू किनाऱ्यावर पुन्हा कोळसे पेटवून मासे भाजत बसलाय आणि न्याहारी झाल्यावर त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दुखलेल्या जागी बोट ठेवूनच काम दिलं, 'माझी मेंढरं चार'. जे झालं ते झालंच नाही असं केलं नाही. आणि विचारणारा होता तो, ज्याला इजा झाली होती. तळहातावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, पुनरुत्थानानेही त्या बुजवल्या नाहीत. माझा देव इजा झालेल्यांच्या बाजूचा आहे हे मला तिथे दिसतं. तो वहिनीच्या बाकावर बसलेला असणार.

हे सगळं वहिनीला वाचून दाखवलं, कोंकणीत सांगत सांगत. अबोलींचं सहीचं प्रकरण तिने दोनदा ऐकलं. मग म्हणाली, बांगड्या नकोत मला, पण पगार माझ्या खात्यात येऊ दे आणि पुढच्या वेळी साक्ष देशील तेव्हा गहाणाचं बोल. भावाला धागा दाखवला. चिडला. माझ्याशी बोलत नव्हता. नंतर बँकेचा फॉर्म घेऊन आला, पण साक्षीत गहाणाचं बोलायला तयार नाही, लाज वाटते म्हणतो. ते अजून अडलेलंच आहे.

@बांबोळीची_वाट, वास्को किंवा मडगावकडे अल-अनॉनची बैठक कोंकणीतून होते का? वहिनी इंग्रजीत गप्प बसते.

---

बांबोळीची_वाट

होते. वार आणि संपर्क इथे उघड लिहीत नाही, व्यनि (खासगी निरोप) केलाय. पहिल्या वेळी तुम्ही दारापर्यंत सोडा, आत तिला एकटीला जाऊ द्या.

---

अबोली

मला पण व्यनि कराल?